‘आटले’ आणि ‘आटवले’ : ग्रामीण साहित्यातील पाण्याचा कर्ता

पाण्याच्या दुर्भिक्ष्याविषयी बोलताना मराठी भाषा जे क्रियापद प्रथम पुढे करते ते अकर्मक असते. विहीर आटते, नदी कोरडी पडते, पाणी खोल जाते. कर्ता सांगणे भागच पडले तर तो बहुधा पाऊस असतो : पाऊस ओढ देतो, दडी मारतो, डोळे वटारतो. कधी खुद्द विहिरीकडेच कर्तेपण येते आणि ती ‘तळ गाठते’. ‘आटवणे’, ‘नासवणे’ ही प्रयोजक रूपे भाषेत आहेत. परंतु दुधाविषयी ती जितक्या सहजतेने वापरली जातात, तितक्या सहजतेने विहिरीविषयी वापरली जात नाहीत. जेथे गाव आणि कारखाना एकाच पाण्यावर हक्क सांगतात, तेथे हा व्याकरणाचा तपशील राजकीय बनतो. ‘आटले’ म्हणणारा माणूस दुष्काळग्रस्त ठरतो आणि मदतीस पात्र होतो. ‘आटवले’ म्हणणारा वादी होतो आणि त्याच्याकडे पुरावा मागितला जातो.

मराठी साहित्याने या दोन रूपांपैकी कोणते स्वीकारले, हा प्रश्न समीक्षेने फारसा विचारलेला नाही. महात्मा फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथात शेतकऱ्याच्या दैन्याला कर्ता आहे. पाणी वेळेवर न देणाऱ्या पाटबंधारे खात्याच्या अधिकाऱ्यांनाही फुले सोडत नाहीत. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) मात्र दुष्काळ येतो आणि वाडी उठते. तेथे दोष देण्याजोगे कोणी नाही आणि कलाकृतीच्या दृष्टीने ते उचितही आहे, कारण तिचा विषयच निसर्गाच्या कलाने जगणाऱ्या समूहाचा आहे. पुढे ग्रामीण साहित्याने कर्ता शोधला तो मुख्यतः बाजारात आणि सत्तेत. मराठवाड्यातील कथाकार भास्कर चंदनशिव यांच्या ‘लाल चिखल’ या कथेत शेतकऱ्याच्या हातून स्वतःच्याच टोमॅटोंचा चिखल होतो, तो बाजाराने नाडल्यामुळे. विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’त (१९९१) धरण आणि त्यामागची यंत्रणा डोळ्यांसमोर उभी असते. भाव आणि भिंत दोन्ही दिसतात. भूगर्भातून कमी होणारे पाणी दिसत नाही. म्हणून त्याचा कर्ताही कथनात उतरत नाही.

परळी तालुक्यातील सिरसाळा आणि त्याच्या आसपासची गावे या अदृश्यतेच्या प्रदेशात येतात. दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी सलग साठ्याच्या रूपात नसते. ते भेगांत आणि झिजलेल्या थरांत असते. एकाच्या बोअरचा परिणाम शेजाऱ्याच्या विहिरीवर किती झाला, हे डोळ्यांनी सांगता येत नाही. याच तालुक्यात १९७१ पासून औष्णिक वीजनिर्मिती होत आली आहे. पाणी आणि कोळसा घेऊन वीज आणि राख देणारा हा उद्योग भूजलावर नव्हे, बंधाऱ्याच्या व धरणाच्या पाण्यावर चालतो. जुलै २०१५ मध्ये पाण्याअभावी परळीचे केंद्र बंद पडले. ‘विहीर आटली’ आणि ‘केंद्र बंद पडले’ ही दोन विधाने एकाच साच्याची आहेत. व्याकरणाने कारखाना आणि कोरडवाहू शेतकरी यांना एकाच दुष्काळाचे बळी म्हणून शेजारी बसविले. एकासाठी धरणात पाणी राखून ठेवले जाते आणि दुसरा आभाळाकडे पाहतो, हा भेद क्रियापदाने पुसून टाकला.

कर्त्याच्या या वादाचे स्वच्छ न्यायालयीन रूप केरळात पाहावयास मिळाले. पालक्काड जिल्ह्यातील प्लाचिमडा येथे २००० मध्ये कोका-कोलाचा कारखाना सुरू झाला. विहिरींचे पाणी घटले आणि बिघडले, अशा तक्रारी घेऊन एप्रिल २००२ पासून आदिवासी व शेतमजूर दारात बसले. मयिलम्मा ही आदिवासी स्त्री त्या आंदोलनाचा चेहरा बनली. २००३ मध्ये पेरुमाट्टी पंचायतीने परवान्याचे नूतनीकरण नाकारले. कंपनीने अपुऱ्या पावसाकडे बोट दाखविले. म्हणजे ‘आटवले’च्या जागी ‘आटले’ ठेवले. डिसेंबर २००३ मध्ये उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने भूजल ही सार्वजनिक संपत्ती मानली. मार्च २००४ मध्ये कारखाना थांबला. एप्रिल २००५ मध्ये खंडपीठाने तज्ज्ञांच्या अहवालाच्या आधारे प्रतिदिन ५ लाख लिटर उपशाला मुभा दिली; तरी कारखाना पुन्हा चालू झाला नाही. कारखान्याचा गाळ शेतकऱ्यांना खत म्हणून दिला गेला होता. त्यात कॅडमियम व शिसे आढळल्याचे वृत्त २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘खत’ हा शब्द तेथे रूपक नव्हता, वाहन होता. रॉब निक्सन यांनी २०११ मध्ये ज्या संथ हिंसेची मीमांसा केली, तिला काळाइतकेच नामकरणही साहाय्य करते, हे येथे दिसते.

महाराष्ट्रात हे नामकरण शासकीय मराठीच्या हाती असते. ‘आरक्षित करण्यात येत आहे’, ‘सोडण्यात आले’ ही रचना कर्त्याला वाक्याबाहेर ठेवते. राज्याच्या २००३ च्या जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योग आणि मग शेती असा क्रम होता. २०११ मध्ये तो उलटविण्यात आला. दोन शब्दांच्या जागा बदलण्यास ८ वर्षे लागली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी जात असताना उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मिती उद्योगांच्या पाण्यात कपात करण्याचा आदेश दिला, तेव्हा दुष्काळाच्या वाक्यात प्रथमच कारखाना ठळकपणे प्रविष्ट झाला.

तथापि केवळ ‘आटवले’ म्हटल्याने साहित्याचे काम संपत नाही. प्लाचिमडात कंपनी बाहेरची होती. मराठवाड्यात साखर कारखाना बहुधा ‘आपला’ असतो. त्याचा सभासद, त्याला ऊस घालणारा, उसासाठी बोअर खोल नेणारा आणि मळीमिश्रित पाण्याने नासलेल्या ओढ्याकाठी राहणारा, हे सारे एकाच गावात, कित्येकदा एकाच घरात असतात. त्या उसाच्या तोडणीसाठी याच बीड जिल्ह्यातील कोरडवाहू कुटुंबे दरवर्षी बिऱ्हाड उचलतात. येथे कर्ता एक नाही आणि सर्वांचा वाटाही सारखा नाही. बोअर घेणाऱ्याला आणि बोअर न परवडणाऱ्याला ‘गाव’ या एकाच नामात कोंबणे हा ग्रामीण साहित्याचा जुना दोष आहे. कारखाना विरुद्ध गाव अशी मांडणी तो दोष घालवीत नाही. त्याला प्रतिष्ठा देते.

निवेदनाला एक प्रतिवादी लागतो. न्यायालयाला मोजता येणारा वाटा लागतो. आंदोलनालाही घोषणेपुरता एक कर्ता पुरतो, आणि ती त्याची उणीव नव्हे. तशा घोषणेवाचून पंचायत परवाना नाकारू शकत नाही. परंतु एकाच माणसात फिर्यादी आणि भागीदार कसे नांदतात, हे उलगडण्याचे सामर्थ्य कादंबरीजवळ आहे. ते न वापरता ती केवळ सहानुभूतीने ‘विहीर आटली’ असे लिहीत राहिली, तर तिची करुणा शासकीय अहवालाच्या व्याकरणातच बोलत राहील. यापुढे पाण्याविषयीच्या मराठी कथनाची परीक्षा करताना त्यात दुष्काळाचे चित्रण किती हृद्य आहे, हे पाहणे पुरेसे ठरणार नाही. त्यात ‘आटणे’ या क्रियेचे कर्ते किती, कोण आणि कोणत्या प्रमाणात, हे विचारावे लागेल. सिरसाळ्यासारख्या गावातील वाचकाला ते प्रमाण अनुभवाने ठाऊक असते. आपल्या साहित्यात ते अद्याप पुरेसे उतरलेले नाही.