वयात येण्याची कथा आणि तिचा निवेदक

वयात येण्याची कथा सांगतो कोण? बहुधा तो, ज्याचे वयात येणे केव्हाच आटोपलेले असते. रॉब रायनर यांच्या 'स्टँड बाय मी' (१९८६) या अमेरिकन चित्रपटात १९५९ सालातील चार मुलांची हकीकत एक प्रौढ लेखक सांगतो. त्या दिवसांचा अर्थ त्याने पूर्वीच लावलेला असतो. स्मरणातील गोडवा व निर्णयाची निश्चिती ही दोन्ही त्याच्याकडून येतात.

बो बर्नहॅम यांच्या 'एट्थ ग्रेड' (२०१८) या चित्रपटात निवेदकाचे हे स्थानच बदलले आहे. बर्नहॅम स्वतः २००६ साली, किशोरवयात, घरी चित्रित केलेली विनोदी गाणी यूट्यूबवर ठेवून पुढे आले. हौशी व्हिडिओ त्यांस आतून ठाऊक आहे. त्यांची नायिका, आठवीतील केला, आपल्या खोलीत बसून समवयस्कांना उपदेश करणारे व्हिडिओ करते, आणि ते जवळजवळ कोणीच पाहत नाही. आत्मविश्वासाविषयी बोलणाऱ्या या मुलीला शाळेत मात्र 'सर्वांत अबोल' ठरविले जाते. तिचे बोलणे अडखळते, वाक्ये अर्ध्यावर सुटतात. हौशी चित्रणातील हा दोष चित्रपटाने निवेदनाची रीत म्हणून स्वीकारला आहे. पुढे काय घडणार हे या निवेदिकेस ठाऊक नाही. ती आपल्याला हवे असलेले आयुष्य आधी बोलून पाहते.

तथापि एक शंका उरते. ते अडखळणे संहितेत लिहिणारा प्रौढच आहे. व्हिडिओतील धीराचे बोल तिच्या भित्र्या वागण्यासमोर ठेवले जातात, तेव्हा त्या विसंगतीचा आनंद दिग्दर्शक व प्रेक्षक घेतात; केला त्यात सहभागी नसते. जुना सर्वज्ञ निवेदक येथे संकलनाच्या वाटेने परत येतो, असे म्हणावे लागते. (अमेरिकेत या चित्रपटास 'आर' श्रेणी मिळाल्याने आठवीतील मुलांना तो पालकांवाचून चित्रपटगृहात पाहता येत नव्हता, हेही येथे नोंदविण्याजोगे आहे.)

ही शंका काही अंशी फिटते ती पेटीच्या प्रसंगाने. सहावीत असताना भावी स्वतःसाठी भरून ठेवलेली पेटी उघडून केला त्यातील व्हिडिओ पाहते. धाकटी केला उत्साहाने मित्रमैत्रिणींविषयी विचारते. थोरलीपाशी सांगण्याजोगे उत्तर नाही. येथे सिंहावलोकन प्रौढाच्या हातून निसटून मुलीकडे आले आहे, आणि दोघींतील अंतर अवघे दोन वर्षांचे आहे. ती पेटी वडिलांच्या सोबतीने जाळते आणि शालेय शिक्षणाच्या अखेरीस उघडावयाची दुसरी भरते. तिच्यातील व्हिडिओही ती तशीच अडखळत बोलते. मात्र या वेळी प्रेक्षक कोण, हे तिला पक्के ठाऊक असते.