जॉन न्यूटनची कबुली: ‘पाहिलं’ आणि ‘केलं’

‘अमेझिंग ग्रेस’ लिहिणाऱ्या जॉन न्यूटनची गोष्ट तुम्ही बहुधा अशी ऐकली असेल: गुलामांच्या व्यापारातला इंग्रज खलाशी, १७४८ साली समुद्रात वादळ, देवाचा धावा, मग धंदा सोडून धर्मगुरू. आता जरा तारखा लावून बघा. गोष्ट टिकत नाही. वादळानंतरच, १७५० ते १७५४ मध्ये, न्यूटन गुलाम वाहणाऱ्या जहाजांचा कप्तान झाला. समुद्र सुटला तो आजारपणामुळे. १७६४ च्या आत्मकथनातही हे काम त्याला देवाने नेमून दिलेलं वाटतं. व्यापाराविरुद्धची पुस्तिका आली १७८८ साली. म्हणजे ३४ वर्षांनी!

‘तेव्हा सगळेच तसे होते’ हा बचावही चालत नाही. न्यूटनने समुद्र सोडला त्याच १७५४ साली अमेरिकेत जॉन वूलमन या क्वेकराने गुलाम बाळगण्याविरुद्ध लेखन छापलं. बायबल दोघांचं एकच.

तरी पुस्तिका मोलाची आहे. आपणही या धंद्यात हात चालवले, कबुली फार उशिरा येते आहे, हे न्यूटन स्वतः लिहितो. शिवाय नुसतं रडत नाही, माहिती देतो: माणसं कशी कोंबत, बायकांचं काय होई, खलाशीही किती मरत. त्याच वर्षी प्रिव्ही कौन्सिलपुढे साक्षही दिली. पश्चात्ताप असा कामाला लागलेला क्वचितच दिसतो.

पण एक जागा बारकाईने वाचा. अंगठे आवळायच्या स्क्रूंनी गुलामांचा छळ झालेला मी पाहिला, असं पुस्तिकेत आहे. आता कप्तानाची नोंदवही उघडा. डिसेंबर १७५२. बंडाचा संशय आला म्हणून काही पोरांना बेड्या घालून, ते स्क्रू ‘थोडे’ लावून कबुली घेतल्याची नोंद खुद्द त्याचीच आहे. धंद्याबद्दल मोघम बोलताना न्यूटन गुन्हेगार असतो. नेमका प्रसंग आला की साक्षीदार होतो. माझ्या मते पुस्तिकेतली खरी फट ही आहे, आणि न्यूटनला आदर्श मानणारे नेमके तिच्यावरून पुढे जातात.

नोंदवही १९६२ साली छापून आली आहे. पुस्तिकेशेजारी ठेवून वाचा. मेलेल्या गुलामांच्या नोंदी मुद्दाम बघा: तिथे क्रमांक आहेत.