बाप पोटासाठी काय करतो?

परदेशी स्थायिक झालेल्या कुटुंबावरचा चित्रपट पाहताना मी आधी एक गोष्ट शोधतो: या घरात पैसा कुठून येतो? हिंदी चित्रपट याचं उत्तर सहसा घाईत उरकतो. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ (१९९५) मधल्या बलदेव सिंगचं लंडनमध्ये दुकान आहे. पण लक्षात राहतो तो कबुतरांना दाणे टाकत पंजाबसाठी झुरणारा बाप. ‘परदेस’मध्ये (१९९७) तर बिघडलेल्या मुलावर उतारा म्हणून भारतातून सून न्यायची असते. संस्कार म्हणजे जणू डब्यात भरून नेण्याचं लोणचं!

मीरा नायर यांचा ‘मिसिसिपी मसाला’ (१९९१) ही सोय नाकारतो. हुकूमशहा इदी अमीनने १९७२ मध्ये आशियाई लोकांना युगांडातून हाकललं. त्यांतलाच एक वकील जय अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात, ग्रीनवूडमध्ये नातलगांच्या मोटेलात येऊन पडलाय. बायको दारूचं दुकान चालवते, मुलगी मीना मोटेलातली न्हाणीघरं घासते. मीनाची गाडी डिमिट्रियस या कृष्णवर्णीयाच्या व्हॅनवर आदळते, तेव्हा दाव्याच्या भीतीने आपली माणसं त्याला ‘आपण गोरे नसलेले सगळे एक’ असं ऐकवतात. तीच मीना त्याच्या प्रेमात पडल्यावर ही एकी कुठल्या कुठे जाते. घराण्याची इभ्रत म्हणतात तिच्यात वर्णद्वेष किती मुरलेला असतो, हे इतक्या निर्भीडपणे आपल्या पडद्यावर क्वचितच आलंय.

गुरिंदर चढ्ढा यांचा ‘बेंड इट लाइक बेकहॅम’ (२००२) तुलनेने गोड आहे, शेवटी जरा जास्तच. पण मुलीच्या फुटबॉलला बाप विरोध करतो त्यामागे परंपरेपेक्षा अपमान आहे: नैरोबीत गाजलेल्या या गोलंदाजाला इंग्लंडमधल्या क्लबांनी पगडीवरून हिणवून दारातून परत पाठवलं होतं. ‘ईस्ट इज ईस्ट’मधला (१९९९) इंग्लंडवासी पाकिस्तानी बाप जॉर्ज खान बायकोला मारतो, मुलांवर लग्नं लादतो. या भूमिकेत ओम पुरी नसते तर तो नुसता खलनायक उरला असता.

‘मिनारी’त (२०२०) कोरियन नवराबायको आर्कान्सामध्ये कोंबडीच्या पिल्लांतले नर-मादी निवडण्याचं काम करतात. नर पिल्लं जाळली जातात; उपयोगी ठरायला हवं, एवढंच बाप मुलाला सांगतो. स्थलांतरिताची सारी धास्ती त्यात येते. हा अमेरिकी चित्रपट, पण संवाद बहुतांशी कोरियन, म्हणून गोल्डन ग्लोबने त्याला परभाषेच्या गटात बसवलं.

आणि मराठी? ‘इंग्लिश विंग्लिश’ची (२०१२) शशी गोडबोले पुण्याची खरी, पण ती न्यूयॉर्कला पाहुणी आहे आणि चित्रपट हिंदी. ‘झिम्मा’तल्या (२०२१) बायका इंग्लंडला जातात त्या सहलीला. उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून उभं आहे. म्हणजे तिथे आजोबा झालेली मराठी पिढी आहे. तिची नोकरी, तिची जात, गोऱ्या-काळ्या शेजाऱ्यांशी तिचं वागणं यांवर ‘मिसिसिपी मसाला’च्या तोडीचा मराठी चित्रपट माझ्या पाहण्यात नाही. तो तिथेच वाढलेल्या एखाद्या मुलीने लिहावा, आणि गणेशोत्सवाच्या दृश्यापासून सुरू करू नये.