सदस्याने बोलायचं कुठं? बार कौन्सिलच्या एका आचारसंहितेचं वाचन

आज वाचायला घेतलेला मजकूर काही परिच्छेदांचाच आहे. राजपत्रातली अधिसूचना आहे ती, त्यामुळे विषय ऐकून काहींनी भुवया उंचावल्या असतील. पण एखाद्या पुस्तकाची करतो तशी, शब्द धरून, आम्ही त्याची समीक्षा करणार आहोत. अशा मजकुराची समीक्षा कुणी करत नाही आणि पाळावा मात्र तोच लागतो, हे त्याचं एक कारण.

भारतीय बार कौन्सिलने २५ जून २०२१ रोजी आपल्या नियमांमध्ये दुरुस्ती केली. सहाव्या भागातल्या दुसऱ्या प्रकरणात, म्हणजे जिथे वकिलांच्या व्यावसायिक आचरणाचे नियम आहेत तिथे, दोन नवी कलमं आली. पहिलं सगळ्या वकिलांसाठी. दुसरं, पाच-अ, खास बार कौन्सिलच्या सदस्यांसाठी. आज मुख्यतः हे दुसरं पाहू. संस्था चालवणाऱ्या निवडून आलेल्या माणसांनी बाहेर काय बोलावं, काय बोलू नये, हे ते सांगतं.

आधी एक फरक स्पष्ट करून घेऊ, कारण ऐकणारे सगळे वकील नाहीत. बार असोसिएशन म्हणजे कोर्टाच्या आवारात बाररूम चालवणारी, वर्गणीवर उभी असलेली वकिलांची संघटना. बार कौन्सिल म्हणजे अधिवक्ता अधिनियम, १९६१ ने निर्माण केलेली संस्था. सनद तीच देते, शिस्तभंगाची कारवाईही तीच करते. आपल्याकडे महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच राज्य कौन्सिल आहे. मतदार दहा हजारांवर असले की निवडून द्यायचे सदस्य पंचवीस, असं कायदाच सांगतो. प्रत्येक राज्य कौन्सिल आपल्यातला एक सदस्य दिल्लीतल्या भारतीय बार कौन्सिलवर पाठवतं. असोसिएशन नाही पटली तर माणूस वर्गणी बंद करू शकतो. कौन्सिलमधून बाहेर पडायचं म्हणजे वकिलीच सोडायची. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

आता मजकूर. आमच्या शब्दांत सांगायचं तर पाच-अ म्हणतं की राज्य किंवा भारतीय बार कौन्सिलच्या कुठल्याही सदस्याने कौन्सिलच्या ठरावाविरुद्ध वा आदेशाविरुद्ध छापील, इलेक्ट्रॉनिक किंवा समाजमाध्यमांत काहीही प्रसिद्ध करायचं नाही, निवेदन द्यायचं नाही. कौन्सिल आणि तिचे पदाधिकारी यांच्याविषयी अपमानास्पद भाषा वापरायची नाही. कौन्सिलच्या निर्णयावर सार्वजनिक ठिकाणी टीका करायची नाही, हल्लाही चढवायचा नाही. भारतीय बार कौन्सिलची प्रतिष्ठा आणि अधिकार कमी होईल असं वागायचं नाही. मोडलं तर सदस्यत्व निलंबित होऊ शकतं, जाऊही शकतं, आणि निवडणूक लढवायला अपात्र ठरवलं जाऊ शकतं. शेवटी एक शेपूट आहे: सद्‌भावनेने केलेली निकोप टीका गैरवर्तन समजली जाणार नाही.

यात चांगलं काहीच नाही, असं आम्ही म्हणणार नाही. ज्यांनी कुठलीही संस्था चालवली आहे, अगदी गृहनिर्माण सोसायटीची कमिटी का असेना, त्यांना माहीत असतं की बैठक संपायच्या आत कुणीतरी व्हॉट्सॲपवर अर्धवट बातमी सोडतो आणि पुढचे पंधरा दिवस खुलासे देण्यात जातात. बार कौन्सिलचं प्रकरण तर अधिक नाजूक. तिच्यापुढे वकिलांविरुद्धच्या तक्रारी चालतात. त्यातला कागद बाहेर गेला तर उद्या निर्दोष ठरणाऱ्या माणसाची वकिली आजच बसते, कारण पक्षकार निकालाची वाट पाहत थांबत नाही, सरळ दुसऱ्याचं वकीलपत्र देतो. समाजमाध्यमांवरची शिवीगाळ हाही काही कल्पनेतला रोग नाही. तेव्हा नियम हवेत का, तर हवेत.

मग बिघडलं कुठे? पाच-अ ने तीन वेगवेगळी बोलणी एका गाठोड्यात बांधली. सदस्य संस्थेच्या नावाने बोलतो, हे एक. संस्थेत विश्वासाने कळलेली गोष्ट तो बाहेर सांगतो, हे दुसरं. आणि संस्थेने उघडपणे घेतलेल्या निर्णयाबद्दल तो स्वतःचं मत सांगतो, हे तिसरं. पहिल्यावर बंधन असायलाच हवं. कौन्सिलचं लेटरहेड वापरून कुणी मनाची पत्रकं काढू लागला तर लोकांनी काय समजायचं? दुसऱ्यावर तर कडकच हवं. पण पाच-अ चा मजकूर पुन्हा वाचा. गोपनीयतेबद्दल आम्हांला त्यात काही सापडत नाही. सगळा भर तिसऱ्या बोलण्यावर आहे. ज्या बोलण्याने संस्थेचं सगळ्यांत कमी नुकसान होतं, त्याच्यासाठी सगळ्यांत मोठी शिक्षा.

शब्दयोजना बघण्यासारखी आहे. टीका करू नये, हल्ला चढवू नये. ही दोन क्रियापदं शेजारी बसली की पहिल्याला दुसऱ्याचा वास लागतो. ‘हा ठराव चुकीचा आहे, मी विरोधात मत दिलं, कारण असं असं’ हे वाक्य आणि पदाधिकाऱ्याला उद्देशून घातलेली शिवी, दोन्ही एकाच ओळीत आरोपी म्हणून उभी. आयुष्यभर कलमांतल्या स्वल्पविरामांवर युक्तिवाद करणाऱ्यांच्या संस्थेने हे लिहावं, याचं आम्हांला नवल वाटतं.

शेपटाचा बचाव केला जाईल. सद्‌भावनेच्या टीकेला मुभा आहे ना, मग तक्रार कसली? पण मूळ कलम टीकेला सरसकट मनाई करतं आणि शेपूट म्हणतं की चांगली टीका चालेल. यात चांगली कोणती, हे शेवटी ठरवणार कोण? जिच्यावर टीका झाली तीच संस्था. चौकशीची तरतूद होती, हे मान्य. पण चौकशी होईपर्यंत सदस्याच्या डोक्यावर अपात्रतेची टांगती तलवार राहते, आणि निवडणुकीला उभं राहू इच्छिणारा माणूस ती तलवार पाहून आधीच गप्प बसतो. त्याला शिक्षा करावीच लागत नाही.

आता या विचारामागचं तत्त्व पाहू. संचालक मंडळांविषयी लिहिणारे अमेरिकन अभ्यासक जॉन कार्व्हर यांच्यामुळे एक कल्पना जगभर गेली: मंडळाने एका आवाजात बोलावं, नाहीतर बोलूच नये. व्यावसायिक संघटनांच्या पुष्कळ आचारसंहिता याच मुशीतून निघाल्या आहेत. कल्पना वाईट नाही. पाच संचालकांनी व्यवस्थापकाला पाच हुकूम दिले तर काम कसं चालणार? पण त्या विचारात एक जोडवाक्य आहे, ते नेमकं गळतं. मतदानात हरलेल्या सदस्याने सहमतीचं सोंग करावं, अशी तिथे अपेक्षा नाही. निर्णय ज्या रीतीने झाला त्या रीतीला मान द्यावा आणि अंमलबजावणीत खोडा घालू नये, एवढीच आहे. एक आवाज मंडळाचा. सदस्यांचे गळे वेगवेगळेच राहतात.

दुसरा आधार मंत्रिमंडळाच्या सामूहिक जबाबदारीचा दिला जातो. मंत्र्याला निर्णय पटला नाही तर त्याने राजीनामा द्यावा, बाहेर बोलू नये, तसंच हे. हा दाखला इथे लागू पडत नाही. मंत्र्यांना मुख्यमंत्री निवडतो. ते एका पक्षाचे किंवा आघाडीचे असतात, आणि समोर विधिमंडळात विरोधी पक्ष बसलेला असतो. बार कौन्सिलमध्ये समोरचा बाक कुठे आहे? जो काही विरोधी पक्ष असेल तो त्याच टेबलाभोवती बसलेला असतो. त्याचं तोंड बंद केलं की वकिलांना आतलं दुसरं मत कळायची वाटच उरत नाही.

आणि इथे कायद्याचं कलम ३ मदतीला येतं. राज्य कौन्सिलची निवडणूक आपल्या आमदार-खासदारांसारखी होत नाही. ती होते प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने, एकल संक्रमणीय मताने. मतदार एक, दोन, तीन असे पसंतीक्रम लिहितो. पंचवीस जागांच्या अशा निवडणुकीत कोटा छोटा पडतो, चार टक्क्यांच्याही खाली. याचा अर्थ काय? मुंबईत किंवा नागपुरात जोर नसलेला, एखाद्या तालुका कोर्टात तीस वर्षं काढलेला वकील आसपासच्या चार जिल्ह्यांच्या पसंत्या गोळा करून निवडून येऊ शकतो. बहुमताला न आवडणारा माणूस आत यावा, अशीच ही पद्धत आखलेली आहे. संसदेने १९६१ मध्ये अल्पमताला दार उघडून दिलं, आणि साठ वर्षांनी कौन्सिलने नियम केला की आत या, बसा, पण बाहेर गेल्यावर मतदारांना सांगू नका. पाच वर्षांनी तो माणूस पुन्हा मत मागायला जाईल तेव्हा काय दाखवणार? विरोधात होतो, हे सांगणंसुद्धा ठरावाविरुद्धचं निवेदन ठरू शकतं.

हे सगळं तात्त्विक वाटत असेल तर पैशाचं बोलू. सनद घेताना नव्या वकिलाकडून राज्य कौन्सिलने किती शुल्क घ्यावं, हे अधिनियमाच्या कलम २४ मध्ये लिहिलेलं आहे: राज्य कौन्सिलला ६०० रुपये, भारतीय बार कौन्सिलला १५०. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी १०० आणि २५. प्रत्यक्षात निरनिराळ्या नावांखाली राज्याराज्यांत हजारो रुपये घेतले जात होते, काही ठिकाणी चाळीस हजारांच्या पुढे. गावाकडून आलेल्या, घरात पहिल्यांदाच काळा कोट घालणाऱ्या मुला-मुलींनी ही रक्कम कुठून आणायची? अखेर ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, गौरव कुमार विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात, कायद्यात लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त घेता येणार नाही असं सांगितलं. आता कल्पना करा की पाच-अ अंमलात आहे आणि आपल्या कौन्सिलची ही आकारणी बेकायदा आहे, असं एखाद्या सदस्याने निकालाच्या आधी वर्तमानपत्रात लिहिलं. तो निर्णयावर सार्वजनिक टीका करणारा ठरला असता. पुढे त्याचंच म्हणणं न्यायालयाने बरोबर ठरवलं असतं, पण तोवर त्याची जागा राहिली असती का?

आपल्या घरचं उदाहरण याहून जुनं आहे. मुंबईत दंडाधिकारी न्यायालयांच्या दारात काही वकील उभे राहत, आलेल्या पक्षकाराकडे धावत आणि ओढाताण करून काम मिळवत. तेव्हाच्या महाराष्ट्र बार कौन्सिलने त्यांच्यावर कारवाई केली. शिस्तपालन समितीने त्यांना दोषी धरलं. ते भारतीय बार कौन्सिलकडे अपिलात गेले आणि तिथल्या समितीने त्यांना सोडलं. महाराष्ट्राचं कौन्सिल तिथे थांबलं नाही, आपल्याच शिखर संस्थेच्या समितीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. तुमचं काय बिघडलं म्हणून अपील करता, असा प्रश्न आला. १९७५ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने उत्तर दिलं की व्यवसायाचा दर्जा राखणं हे राज्य कौन्सिलचं काम आहे, म्हणून तिलाही व्यथित पक्ष मानलं पाहिजे. पुढे मूळ मुद्द्यावर न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी केंद्रीय समितीने नियमाचा लावलेला अरुंद अर्थ बाजूला सारला. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र विरुद्ध दाभोळकर, हे ते प्रकरण. कायद्याच्या वर्गात ते व्यावसायिक नीतीचा पाठ म्हणून शिकवतात.

अपील आणि पत्रकार परिषद सारखी नव्हे, हे आम्हांला कळतं. तरी दिसतं असं की तेव्हा वकिली व्यवसायाची प्रतिष्ठा वाचली ती शिखर संस्थेचं चुकलं, असं खालच्या संस्थेने सगळ्यांसमोर म्हटल्यामुळे. पाच-अ मधला ‘प्रतिष्ठा’ हा शब्द या प्रकरणाच्या शेजारी ठेवून वाचला की तो फार केविलवाणा दिसतो.

बरं, मग लिहायचं कसं? आमच्या मते मजकूर फारसा मोठा लागत नाही. संस्थेच्या वतीने अध्यक्ष किंवा नेमलेला सदस्यच बोलेल. इतर कुणी बोलला तर मत वैयक्तिक असल्याचं स्पष्ट सांगेल आणि लेटरहेड वापरणार नाही. शिस्तभंगाची प्रकरणं, उमेदवारांची खाजगी माहिती, चालू दाव्यांतला सल्ला बाहेर जाणार नाही. ठराव होईपर्यंत मसुदे आतच राहतील. ठराव झाला की विरोधी मत, कारणांसह, नाव घालून इतिवृत्तात येईल आणि ते इतिवृत्त वकिलांना वाचायला मिळेल. हे शेवटचं आम्ही मुद्दाम लावून धरतो. ज्याचं मत इतिवृत्तात नीट नोंदलं जातं त्याला रात्री अकरा वाजता फेसबुकवर लिहायची गरज कमी पडते. आणि शिवीगाळीचं म्हणाल तर बदनामीचा कायदा आहे, सभेची शिस्त आहे. त्यासाठी नवं कलम कशाला?

२०२१ च्या या दुरुस्तीला वकिलांमधून मोठा विरोध झाला, केरळ उच्च न्यायालयातही प्रश्न गेला, आणि भारतीय बार कौन्सिलने अंमलबजावणी थांबवून पुनर्विचारासाठी समिती नेमली. मुळात कलम ४९ प्रमाणे व्यावसायिक आचरणाच्या नियमांना भारताच्या सरन्यायाधीशांची मान्यता लागते. तिच्याशिवाय ते लागूच होत नाहीत. ही अट कायद्यातच घालून ठेवलेली आहे.

पण असा मजकूर एकदा लिहिला गेला की तो उचलायला सोपा असतो. इथे ऐकणाऱ्यांत डॉक्टर असतील, सनदी लेखापाल असतील, शिक्षक संघटनांचे कार्यकर्ते असतील. आपापल्या संघटनेची घटना घरी जाऊन काढा आणि ‘प्रतिष्ठा’, ‘शिस्त’, ‘संस्थेविरुद्ध वक्तव्य’ हे शब्द कुठे कुठे आलेत ते पाहा. त्यांच्या पुढे व्याख्या दिली आहे का, आणि निर्णय कोण करणार असं लिहिलंय, एवढं टिपून ठेवा. पुढच्या वेळी ती टिपणं घेऊन या, आपण एकेक मजकूर फळ्यावर लिहून वाचू. आता प्रश्न घेऊ या.