दोन गळे, एक गायकी : हद्दूखाँ-हस्सूखाँ आणि लखनौचे ऋण

लखनौच्या कैसरबागेत, नवाब वाजिदअली शाहच्या परीखान्यात, संगीताचे जे विद्यालय नांदते आहे त्याला एका मराठी पंडिताचे नाव आहे, याचा आपणा उत्तरेतील मराठी मंडळींना अभिमान वाटतो आणि तो अस्थानी नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी राय उमानाथ बली आणि तत्कालीन शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली यांच्या साहाय्याने १९२६ साली येथे मॅरिस कॉलेज स्थापिले. पुढे त्या संस्थेला भातखंड्यांचे नाव मिळाले. २००० साली तिला अभिमत विद्यापीठाचा आणि २०२२ साली राज्य विद्यापीठाचा दर्जा लाभला. परंतु या अभिमानात एक लहानशी चूक आपल्याकडून नेहमी होते. महाराष्ट्राने लखनौला ख्याल दिला, असे आपण बोलून जातो. वस्तुतः जे येथे आले ते येथूनच गेलेले होते. ते नेणाऱ्या घराण्यातील दोन भावांची, हद्दूखाँ आणि हस्सूखाँ यांची, ओळख त्यांच्याविषयीच्या आख्यायिका बाजूस सारून करून घ्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

या भावांचे आजोबा नथ्थन पीरबक्ष हे लखनौचे. ही एकच व्यक्ती की नथ्थनखाँ व पीरबक्ष असे दोघे, याविषयी जाणत्यांत मतभेद आहेत. पण ख्यालाची लखनवी परंपरा त्या नावाबरोबर ग्वाल्हेरीस गेली, याविषयी नाहीत. त्याच नगरीत शक्करखाँ यांचे दुसरे प्रतिष्ठित घर होते आणि दोन घरांत हाडवैर होते. या वैरातून नथ्थन पीरबक्षांचे पुत्र कादरबक्ष यांच्यावर विषप्रयोग झाला आणि शोकाकुल आजोबा नातवंडांना घेऊन शिंद्यांच्या आश्रयास गेले, अशी कथा सांगतात. पुढे शक्करखाँचे पुत्र बडे महंमदखाँ हेही ग्वाल्हेर दरबारी आले. त्यांच्या तानेची कीर्ती मोठी होती. महाराजांनी हद्दू-हस्सूंना पडद्याआड बसवून त्यांचा रियाज ऐकविला, मुलांनी ती तान आत्मसात करून भर दरबारात गाऊन दाखविली, महंमदखाँ संतापले, आणि पुढे त्यांच्याच आग्रहावरून ‘कडक बिजली’ नावाची तान घेताना हस्सूखाँची बरगडी मोडून त्यांचा अंत झाला, असे हे आख्यान संपते.

आख्यान रोमहर्षक आहे, पण आपल्या संगीतलेखनाचे मोठे नुकसान अशाच आख्यानांनी केले आहे. विष, चोरी, सूड आणि रक्त यांचा एवढा गजर झाल्यावर त्या दोघांनी गाण्याचे काय केले हा प्रश्न विचारावयास कोणी उरत नाही. आख्यान बारकाईने वाचले, तर त्यातच उत्तराचा धागा सापडतो. एका घराची संथ, भारदस्त चाल आणि दुसऱ्या घराची चपळ, पल्लेदार तान ही दोन्ही मुळात लखनौचीच. वैराने ती विभागली गेली आणि ग्वाल्हेरीस या दोन भावांच्या गळ्यांत पुन्हा एकत्र आली. पडद्याआडची गोष्ट खरी असो वा नसो, ती या मीलनाचे रूपक म्हणून खरी आहे. ज्याला लोक चोरी म्हणतात, ते वस्तुतः दुभंगलेल्या वारशाचे सांधणे होते.

आता मुख्य मुद्दा. हे दोघे भाऊ जोडीने गात असत. चरित्रलेखक ही गोष्ट कौतुकाने नोंदवितात आणि पुढे जातात. माझ्या मते ग्वाल्हेर गायकीच्या स्वरूपाची किल्ली येथेच आहे. एकटा गवई आपल्या लहरीने वाटेल तेथे वळू शकतो. दोघांना एका बैठकीत एकच राग मांडावयाचा असेल, तर पुढचे पाऊल कोणते हे न बोलता दोघांना ठाऊक असावे लागते. ग्वाल्हेर गायकीची ठेवण पाहा : प्रथम स्थायी, मग अंतरा, बंदीश पुरती आणि स्वच्छ म्हणावयाची, त्यानंतर बहलावे, बोल-आलाप, बोलतान, लयकारी आणि अखेरीस सरळ उतरणारी सपाट तान. लय अतिविलंबित नाही. तिलवाड्यासारख्या तालाचा ठेका कानांत सतत खेळता राहतो, त्यामुळे सम दोघांनाही दुरून दिसते. राग बहुधा प्रसिद्ध आणि सरळ चालीचे. या प्रत्येक लक्षणाला ‘साधेपणा’ म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. मला तो साधेपणा वाटत नाही, शेजारधर्म वाटतो. आपल्यानंतर दुसऱ्याला उचलता येईल अशा ठिकाणी वाक्य सोडणे, त्याने मांडलेले खोडून न टाकता पुढे नेणे, ही शिस्त जोडीच्या गाण्यातूनच उपजते.

यावर आक्षेप घेता येईल. धृपदातही भावाभावांच्या जोड्या गात आल्या आहेत. मग याच जोडीला हे श्रेय का? त्याचे उत्तर असे की, धृपदाची मांडणी आधीच काटेकोर बांधलेली असल्याने जोडीला तेथे तयार घर मिळते. ख्यालाचे तसे नव्हते. त्याच्या नावातच कल्पनेचा मोकाटपणा आहे. त्या मोकाट द्रव्याला क्रमाची बैठक देण्याची गरज दोन गळ्यांना जेवढी भासली, तेवढी एकाला भासण्याचे कारण नव्हते. दुसरा आक्षेप अधिक सबळ आहे : या दोघांचे गाणे आज कोणाच्याही कानावर नाही, कारण ध्वनिमुद्रणाचे युग त्यांच्या पश्चात आले. अनुमान शिष्यशाखेवरूनच करावे लागते. पण तेथेही एक बोलका पुरावा आहे. हद्दूखाँचे पुत्र रहिमतखाँ यांच्या उतारवयातील ध्वनिमुद्रिका उपलब्ध आहेत. भूगंधर्व म्हणून गाजलेला, वृत्तीने विक्षिप्त आणि एकाकी असा हा गवई क्रमाची फारशी पर्वा करीत नाही. एकेका स्वरावर तो जणू हरवून जातो. ते गाणे मोहिनी घालणारे आहे. अब्दुल करीमखाँसारख्याला त्याने वेड लावले. परंतु ते एकट्याचे गाणे आहे. बापाच्या आणि चुलत्याच्या गायकीतून जोडीदार वजा केला म्हणजे काय उरते, ते त्यात ऐकू येते.

दोघांसाठी घातलेली ही घडी पुढे तिसऱ्याच्या, म्हणजे शिष्याच्या, उपयोगी पडली. ज्या गायकीत पुढचे पाऊल ठरलेले आहे, ती रक्ताच्या नात्याबाहेर शिकविता येते. हे घराणे एवढे पसरले ते मुख्यतः यामुळे. वासुदेवबुवा जोशी यांनी ही विद्या घेतली. त्यांच्याकडून १८४९ साली जन्मलेल्या बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ती महाराष्ट्रात आणली. आणि बुवांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढून ती चारचौघांच्या अंगणात नेली. ग्वाल्हेरीतच निसारहुसेनखाँ हे पंडित कुटुंबाच्या घरी राहिले आणि शंकरराव व एकनाथ या दोन बंधूंना त्यांनी शिकविले. मुसलमान उस्तादांच्या घरातील भावांची जोडी एका मराठी ब्राह्मणाच्या घरात पुन्हा अवतरली, या योगायोगात मला गायकीचाच स्वभाव दिसतो.

येथून लखनौची परतवाट सुरू होते, आणि ती एक नसून दोन आहेत. शंकरराव पंडितांचे शिष्य राजाभैया पूछवाले हे भातखंड्यांच्या सहकार्यात आले. १९१८ साली ग्वाल्हेरीस निघालेल्या माधव संगीत विद्यालयात ते शिकवू लागले, आणि भातखंडे-पद्धतीचा तेथे बसलेला हा पाठ आठ वर्षांनी लखनौच्या शाळेस उपयोगी पडला. दुसरी वाट आग्र्यावरून येते. आग्रा घराण्याचे घग्गे खुदाबक्ष यांनी ख्याल घेतला तो ग्वाल्हेरीस, याच नथ्थन पीरबक्षांपाशी. त्यांचे पुत्र गुलाम अब्बासखाँ, त्यांचे दौहित्र व शिष्य फैयाजखाँ, आणि फैयाजखाँचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर, जे १९२८ पासून दीर्घकाळ मॅरिस कॉलेजचे प्राचार्य होते. म्हणजे सुमारे शंभर वर्षांपूर्वी जो वृद्ध गवई नातवंडांना घेऊन हे शहर सोडून गेला, त्याचीच विद्या दोन वेगळ्या दिशांनी या शहरात परत आली. आपण मराठी माणसांनी ती जपली, लिहून काढली, वर्गात बसविली. हे काम थोर आहे. पण ते दान नव्हे; ती परतफेड आहे.

आणि परतफेड पुरती झाली आहे काय, हे विचारले पाहिजे. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांतून बंदिशी आल्या, स्वरलिपी आली, क्रम तर ठळकपणे आला. मात्र ज्या सहवासातून तो क्रम निपजला, तो सहवास वर्गात आला नाही. वीस विद्यार्थी एकच पलटा एका सुरात घोकतात, ते जोडीचे गाणे नव्हे. तेथे कोणी कोणाचे ऐकत नाही, सर्वजण गुरुजींचे ऐकतात. आणि परीक्षेला प्रत्येकजण एकटाच बसतो. त्यामुळे आज ग्वाल्हेरचा क्रम अनेकांना पाठ आहे. पण तो कशासाठी होता, हे त्यांच्या गळ्याला ठाऊक नाही. अंतरा पुरता म्हणावा, कारण दुसऱ्याला तेथून निघावयाचे आहे, हे कारण नाहीसे झाले की अंतरा केवळ शिरस्ता म्हणून उरतो. आणि अशा शिरस्त्याला रसिक ‘रुक्ष’ म्हणतात, तेव्हा त्यांना दोष देता येत नाही.

यावर उपाय अवघड नाही. दोन विद्यार्थ्यांना समोरासमोर बसवून एक बंदीश वाटून गावयास लावावी, आणि एकाने सोडलेल्या जागेवरून दुसरा कसा उठतो एवढेच गुरुजींनी पाहावे. यात नवे काही नाही. नथ्थन पीरबक्षांनी आपल्या नातवंडांना याहून वेगळे काय शिकविले असेल? परीखान्याच्या त्या जुन्या भिंतींत असे दोन कोवळे गळे एकमेकांचे ऐकत ऐकत गाऊ लागतील, त्या दिवशी लखनौचे ऋण फिटले असे म्हणता येईल.