नाव काढलेलं लेबल

मंडळी, आपल्याकडे ‘नामरूप’ असा जोडशब्द आहे. नाम आणि रूप बरोबरच येणार, असं आपण धरून चालतो. २०१६ मध्ये अमेरिकेत बडवायझर बिअरच्या कॅनवरून ‘बडवायझर’ हेच नाव काढलं आणि तिथं ‘अमेरिका’ छापलं. मेअखेरपासून नोव्हेंबरच्या निवडणुकीपर्यंत तो तसाच विकायचा होता. गंमत बघा, तरीही तो लांबून ओळखू येई! तीच वळणदार अक्षरं, तीच मांडणी. जोन्स नोल्स रिची या संस्थेचं हे काम. रेखाटन म्हणून उत्तम, यात आपल्याला शंका नाही.

आपली हरकत आहे ती बारीक अक्षरांबद्दल. ‘बिअरचा राजा’ या ओळीच्या जागी ‘अनेकांतून एक’ हे लॅटिन वचन आलं. राजा ही बढाई खरीच, पण निदान ती बिअरविषयी होती. ‘अनहायझर-बुश’ हे उत्पादकाचं नाव होतं, तिथं आलं ‘सर्वांना स्वातंत्र्य आणि न्याय’. आता उत्पादकाचं नाव हे विधान आहे. ते खरं की खोटं हे तपासता येतं. बिअरच्या कॅननं दिलेला न्याय कुठं तपासायचा? दर्शनी बाजूवरची पडताळता येणारी ओळच नेमकी पुसली गेली.

आणि ती पुसली कुणी? २००८ पासून ही कंपनी ज्या समूहाच्या मालकीची आहे, त्याचं मुख्यालय बेल्जियममधल्या लूव्हेनला. काढलेलं नाव तरी कुठलं? बोहेमियातल्या बुडवाइस या गावावरून आलेलं.