रँडचा खून पाठ आहे, लसीचं काय?

जयू आणि नचिकेत पटवर्धन यांचा '२२ जून १८९७' हा १९७९ सालचा चित्रपट तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. चित्रपट चांगलाच आहे. आमची तक्रार त्याच्या नावाशी आहे आणि खरं तर आपल्या सगळ्यांच्या आठवणीशी. चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली ती तारीख आपल्याला पाठ असते. प्लेग मात्र गोष्टीच्या मागच्या पडद्यावर राहतो.

त्याच वर्षी १० जानेवारीला मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता त्याच रोगाने गेल्या. आणि त्याच मार्चमध्ये पुण्यात लष्कराने घरझडत्या सुरू केल्या.

ते शिपाई लस द्यायला आले नव्हते, रोगी शोधून हलवायला आले होते. पण सरकार एकच ना! ज्याचे शिपाई माजघरात शिरतात, त्याची सुई दंडात कोण घेईल? लसीबद्दलही भलभलत्या अफवा उठल्या. रँडचा जुलूम सांगताना आपण अपमान सांगतो आणि तो खराच होता. पण त्या जुलुमाने औषधाचीही वाट अडवली, हे सांगायचं राहून जातं.

ही गोष्ट जुनी झाली, असं समजू नका. २०११ साली सीआयएने अबोटाबादला बिन लादेनचा माग काढण्यासाठी काविळीच्या लसीकरणाचं सोंग घेतलं. पुढे पाकिस्तानात पोलिओचे डोस पाजणाऱ्यांवरचा संशय बळावला. उलट गाझात सप्टेंबर २०२४ मध्ये, दवाखाने मोडून पडलेले असतानाही, ठरावीक तास लढाई थांबली आणि पहिल्या फेरीत साडेपाच लाखांहून जास्त मुलांना डोस मिळाले. तास संपले की बॉम्ब परत सुरू! तेव्हा त्याचंही फार कौतुक नको.

दुधनीत युद्ध नाही. पण आपलं गाव सीमेवरचं, इथे कित्येक घरांत कन्नड आणि कचेरीत मराठी. दार कोण ठोठावतं, कोणत्या भाषेत बोलतं, आणि लसीच्या डब्याबरोबर आणखी काय घेऊन येतं, हे इथेही बघितलं जातंच. मोहिमेच्या अहवालात डोसांचा आकडा असतो. आमच्या मते त्या दाराचीही नोंद तिथे हवी.